अकरा पावलं

पहिला चेंडू आणला दत्तू पगारच्या मामानं,
ह्यूस्टनहून, आहेराच्या साडीत गुंडाळून.
तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता.
आई म्हणाली, हा कसला असोला नारळ?
हंसराजनं तो उशाशी घेतला
आणि वर्षभर दुसरं काही मागितलं नाही.

पहाटे साडेपाचला गोल्फ क्लबच्या मैदानावर
फेऱ्या मारणाऱ्या आजोबांमधून जागा काढून
मी फक्कीनं रेघ मारायची:
अकरा पावलं सरळ, मग डावीकडे कापायचं,
वळेपर्यंत माझ्याकडे बघायचं नाही.
चेंडू आधी सुटतो, माणूस नंतर पोचतो,
हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.
जानेवारीच्या थंडीत माझी बोटं बधिर,
चेंडूची शिवण नखाखाली घुसायची,
तरी तो फिरत जायचा, जराही न डगमगता,
जिथं हंसराज अजून नव्हता तिथं.

निवड बालेवाडीला झाली.
खो-खोची पोरं, कबड्डीची पोरं, रग्बीवाले दोन,
सगळ्यांना एकाच मापाची हेल्मेट.
फॉर्मवर 'प्रशिक्षक' असा रकाना होता.
त्यानं माझं नाव लिहिलं.
टेबलापलीकडचा म्हणाला, घरच्यांचं नको, खरं लिही.
मग त्यानं बाबांचं लिहिलं,
म्हणजे सातपूरला लेथवर उभ्या असलेल्या,
एकही सामना न पाहिलेल्या माणसाचं.
ते चाललं.

दोन हंगाम. सोळा सामने. जर्सी चौऱ्याऐंशी.
मी मोजलंय, दुसरं कुणी मोजत नव्हतं:
तो धावला चारशे बारा वेळा,
चेंडू त्याच्याकडे आला एकोणतीसदा,
हातात राहिला सतरा.
बाकीचं धावणं कशासाठी?
बचावाचे दोघं त्याच्यामागं ओढले जावेत
आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात
दुसऱ्याच कुणाचा फोटो निघावा, यासाठी.
फोनवर म्हणायचा, ताई, आज भारी धावलो,
दिसलो नसेन.
नव्हताच दिसला. चौकटीच्या कडेला
एक पाय तेवढा आला होता;
मोजा मी विकत घेतलेला, म्हणून ओळखला.

एकदा दिसला. पुरता.
रात्रीचे पावणेबारा, सिडकोतल्या आमच्या दोन खोल्या,
बाबांची सकाळची पाळी, म्हणून टीव्हीचा आवाज बंद.
नववं, दहावं, अकरावं पाऊल.
कॉटवर बसल्या बसल्या माझा हात मागं गेला.
पण तिकडे चेंडू उशिरा सुटला, खूपच उशिरा.
हंसराज थांबला, उलटा वळला,
हवेत आडवा होऊन
करंगळी आणि शेजारच्या बोटावर त्यानं तो तोलला,
आणि रेषेच्या आत दोन्ही पाय टेकवले,
आईनं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर टेकवावेत तसे.
सहा गुण.
मी उशीत तोंड खुपसून ओरडले.

तिसऱ्या हंगामाचं पत्र आलं नाही.
चार महिन्यांचे पैसेही नाहीत.
दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच;
साखरपुड्यात अंगठी पेरापाशी अडली,
मामी तेलाची वाटी घेऊन धावल्या.
आता अंबडला पॅकिंग विभागात आहे,
सुपरवायझर होईल दिवाळीपर्यंत, असं म्हणतात.
चालताना अजून कडेनं चालतो,
घोळक्यापासून दहा हात लांब.

परवा मिसळ खाताना म्हणाला,
ताई, त्या रात्री तू टाकला असतास तर?

तर तुला उडावं लागलं नसतं, मी म्हटलं.
चेंडू छातीशी आला असता, अलगद.
बोटं सरळ राहिली असती.
आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं,
ना तुझं, ना माझं.

तो हसला नाही.
वाकड्या करंगळीनं लिंबाची बी बाजूला काढली
आणि आणखी रस्सा मागवला.